गणपतीला गावी निघण्यापूर्वी : घर बंद करण्याची कृती

गौरी-गणपतीला मुंबई, ठाणे, पुण्यातली असंख्य घरं एकाच आठवड्यात बंद होतात. कोणी दीड दिवसांचा गणपती करून परततं, कोणी गौरी गेल्यावर, कोणी थेट अनंत चतुर्दशीनंतर. दिवाळीत आणि मे महिन्याच्या सुट्टीतही असंच होतं. या दिवसांत वर्तमानपत्रात एक बातमी हमखास दिसते : बंद घराचा कडीकोयंडा उचकटून चोरट्यांनी ऐवज लंपास केला. घरफोडी कशी होते ते या एका ओळीत आलं आहे. घर बंद होतं, ते बंद असल्याचं बाहेरून कळत होतं, कोयंडा लवकर निघाला आणि ऐवज आत हाताशी मिळाला.

यातली पहिली गोष्ट आपण टाळू शकत नाही. सणाला गावी जायचंच असतं. उरलेल्या तिन्ही गोष्टी मात्र आपल्या हातात आहेत. चोराला वेळ आणि एकांत लागतो. दार दहा मिनिटं दाद देत नसेल, जिन्यात कोणाची तरी ये-जा असेल आणि आत शिरूनही फारसं काही मिळणार नसेल, तर त्याचा बेत फसतो. पुढची सगळी कृती याच हिशेबाने लावली आहे. सण महिन्यावर आला की सुरुवात करा. ऐन वेळी सुतार आणि फॅब्रिकेटर मिळत नाहीत आणि बँकेच्या सुट्ट्या आडव्या येतात.

लागणारं साहित्य

दाराच्या जाडीपेक्षा लांब नट-बोल्ट आणि रुंद वॉशर, तीन इंची स्क्रू, एक-दोन चांगली कुलपं, एलईडी बल्ब आणि प्लगला लावायचा टायमर, एक वही, फोटो काढायला मोबाइल. बाकी सगळं घरातच असतं.

१. आधी दाराकडे बघा (महिनाभर आधी)

दार लावून बाहेर उभे राहा आणि कोयंडा हलवून बघा. कुलूप कितीही भारी असलं तरी कोयंडा चार छोट्या स्क्रूंवर उभा असेल, तर कटावणीच्या एका हिसक्याने तो लाकडासकट बाहेर येतो. हे स्क्रू काढा आणि त्या जागी दारातून आरपार जाणारे बोल्ट बसवा. आतल्या बाजूने रुंद वॉशर आणि नट घट्ट आवळा. बोल्टचं बाहेरचं डोकं गोल, खाच नसलेलं हवं, म्हणजे पान्याला किंवा स्क्रू ड्रायव्हरला पकड मिळत नाही.

मग चौकट बघा. लॅचची जीभ जिथे शिरते ती पट्टी बहुतेक दारांवर अर्ध्या-पाऊण इंची स्क्रूंनी लावलेली असते. तिथे तीन इंची स्क्रू घाला, म्हणजे ते चौकटीच्या लाकडात खोलवर पकड घेतील. चौकट वाळवीने पोखरलेली असेल, तर आधी ती बदला. पोकळ लाकडावर कुठलंच कुलूप टिकत नाही.

लॅचची एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. दार नुसतं ओढून घेतलं की स्प्रिंगवाली तिरकी जीभ चौकटीत बसते, आणि ती पातळ पत्र्याने किंवा प्लॅस्टिकच्या कार्डाने मागे ढकलता येते. बाहेरून किल्ली पूर्ण फिरवल्यावरच कुलूप खऱ्या अर्थाने लागतं. गावी जाताना तर किल्ली फिरवायचीच, भाजी आणायला पाच मिनिटं खाली जातानाही फिरवायची.

सेफ्टी डोअर बाहेर उघडत असेल तर त्याच्या बिजागऱ्या बाहेरून दिसतात. खिळा ठोकून बिजागरीची पिन काढली की कुलपाला हात न लावता दार निघतं. वेल्डिंगवाल्याकडून पिनची दोन्ही टोकं पक्की करून घ्या.

लोंबतं कुलूप लांबूनच सांगतं की आत कोणी नाही. नवं कुलूप घ्यायचंच असेल, तर दाराच्या आत बसणारं आणि बाहेरून फक्त किल्लीचं भोक दिसणारं घ्या. जिन्यातून जाणाऱ्याला घरात माणसं आहेत की नाहीत ते त्यावरून कळत नाही. घर जुनं विकत घेतलेलं असेल, किल्ली हरवली असेल किंवा रंगकाम-दुरुस्तीच्या वेळी किल्ली बरेच दिवस दुसऱ्याच्या हातात असेल, तर कुलूप बदलून टाका.

२. खिडक्या, संडास-बाथरूम आणि गच्ची

दार मजबूत झालं की चोर दुसरी वाट शोधतो. बाथरूमच्या झडपेतल्या काचेच्या पट्ट्या एकेक करून सहज काढता येतात आणि शेजारूनच सांडपाण्याचा पाइप वर जात असतो. या झडपेला आतून ग्रिल हवंच. अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांची कडी नाजूक असते. खालच्या रुळात तावदानाच्या मापाची लाकडी पट्टी आडवी टाकली, तर कडी तुटली तरी खिडकी सरकत नाही. एसी काढल्यावर राहिलेलं भोक नुसत्या प्लायने झाकलं असेल, तर तिथेही गज लावून घ्या.

सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी गच्चीचं दार बघावं. गच्चीतून खाली उतरून गॅलरीत येता येतं. गच्चीला कुलूप असावं, पण आगीच्या वेळी ते तातडीने उघडता आलं पाहिजे. म्हणून त्याची किल्ली वॉचमनपाशी आणि वरच्या मजल्यावरच्या एका घरात ठेवा.

३. मोलाच्या वस्तूंची वही करा

हे काम कंटाळवाणं आहे, पण चोरी झालीच तर सर्वांत जास्त उपयोग याचाच होतो. चोर सापडल्यावर त्याच्याकडे मिळालेली पाटली आपलीच आहे हे दाखवता आलं नाही, तर ती परत मिळणं अवघड होतं.

प्रत्येक दागिन्याचा एक फोटो शेजारी मोजपट्टी ठेवून काढा आणि एक जवळून, घडण दिसेल असा काढा. वजन लिहा. हॉलमार्कसोबत कोरलेला सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक लिहा. ही पद्धत १ जुलै २०२१ पासून सुरू झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर हा क्रमांक सक्तीचा झाला. प्रत्येक दागिन्याचा क्रमांक वेगळा असतो आणि तो बीआयएस केअर अ‍ॅपवर तपासता येतो. आजीच्या बोरमाळेवर, पुतळ्यांच्या माळेवर, गोठ-पाटल्यांवर असा क्रमांक नसतो. त्यांची खूण वेगळ्या रीतीने नोंदवा : कुठे डाग दिला आहे, कुठला मणी बदलला आहे, आत कोणाचं नाव कोरलं आहे. लग्नातले फोटोही यासाठी काढून ठेवा. दागिना अंगावर दिसतो असा फोटो चांगला पुरावा ठरतो.

मोबाइलवर *#०६# दाबलं की आयएमईआय क्रमांक दिसतो, तो लिहा. लॅपटॉप, टीव्ही, कॅमेरा यांचे अनुक्रमांक लिहा. बिलांचे फोटो काढा. ही वही कपाटात ठेवून गावी जाऊ नका. तिची एक प्रत दुसऱ्या घरी, मुलीकडे किंवा भावाकडे असू द्या आणि फोटो ई-मेलमध्ये साठवून ठेवा.

४. ऐवज घरातून हलवा (आठवडाभर आधी)

चोराला घरातल्या जागा पाठ असतात. स्टीलच्या कपाटातली तिजोरी, साड्यांच्या घड्या, गादीखालचा खण, देवघर, तांदळाचा डबा, माळ्यावरची पेटी या सगळ्या ठिकाणी तो हात घालतो. कपाटातली तिजोरी पातळ पत्र्याची असते आणि तिची किल्ली बहुधा त्याच खोलीत असते. त्यामुळे घरात नवी जागा शोधत बसण्यापेक्षा ऐवज घराबाहेर नेणंच शहाणपणाचं.

बँकेचा लॉकर ही त्यासाठी सर्वांत बरी जागा. रिझर्व्ह बँकेचे सुधारित नियम १ जानेवारी २०२२ पासून लागू आहेत. बँकेच्या निष्काळजीपणामुळे चोरी, दरोडा किंवा आग झाली, इमारत कोसळली किंवा कर्मचाऱ्याने अफरातफर केली, तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या १०० पट इतकी असते. भाडं वर्षाला ३,००० रुपये असेल तर ही रक्कम ३ लाख होते. आत सोनं त्याहून जास्त किमतीचं असेल, तर वरच्या रकमेसाठी स्वतंत्र विम्याची चौकशी करा, कारण लॉकरमधल्या वस्तूंचा विमा बँक काढून देत नाही. लॉकर उघडला की त्याच दिवशी बँकेकडून संदेश यायला हवा. त्यासाठी आपला मोबाइल क्रमांक नोंदलेला आहे का, नॉमिनीचं नाव लावलेलं आहे का, तेही बघून घ्या.

दुसरा आणि चौथा शनिवार, रविवार आणि गणेश चतुर्थी या दिवशी बँक बंद असते. त्यामुळे लॉकरचा दिवस आधीच ठरवा. गौरीला घालायचे आणि अंगावर मिरवायचे दागिने तेवढेच बाहेर काढा. प्रवासात ते पर्समध्ये किंवा वरच्या बॅगेत ठेवू नका. एसटीत चढताना होणाऱ्या गर्दीत पर्सची चेन उघडून दागिने काढून घेतले जातात. अंगालगतच्या खिशात ठेवा आणि ते कोणाजवळ आहेत ही चर्चा स्टँडवर करू नका.

लॉकर नसेल आणि घरातच तिजोरी ठेवायची असेल, तर ती अँकर बोल्टने भिंतीत किंवा जमिनीत पक्की करा. मोकळी ठेवलेली लहान तिजोरी चोर उचलूनच घेऊन जातात.

रोकड बँकेत भरा. सह्या केलेले चेक घरात ठेवू नका. मालमत्तेची मूळ कागदपत्रं आणि पासपोर्ट लॉकरमध्ये ठेवा. गाडीच्या जादा किल्ल्या दाराजवळच्या खुंटीवर टांगलेल्या असतात, त्याही तिथून हलवा.

५. विम्याचा कागद वाचा

घराचा विमा असला की चोरीची भरपाई मिळणारच, असं अनेकांना वाटतं. १ एप्रिल २०२१ पासून सर्व सामान्य विमा कंपन्या देतात ती 'भारत गृह रक्षा' पॉलिसी मुख्यतः आग, पूर, भूकंप अशा संकटांसाठी आहे. तिच्यात चोरीची भरपाई आहे, पण अशा एखाद्या संकटामुळे आणि ते आल्यापासून सात दिवसांच्या आत झालेल्या चोरीचीच. कुलूप तोडून झालेल्या घरफोडीसाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. ते घेताना दोन कलमं नीट वाचा : घर सलग किती दिवस बंद राहिलेलं चालतं, आणि बळजबरीने शिरल्याच्या खुणा आवश्यक आहेत का. दागिन्यांची नोंद आणि किंमत त्यात वेगळी लिहिलेली असावी.

६. शेजारी, वॉचमन आणि पोलीस ठाणं

चोराला एकांत मिळू द्यायचा नसेल तर शेजाऱ्यासारखा पहारा दुसरा नाही. समोरच्या घरी स्वतः जाऊन सांगा : आम्ही अमुक तारखेला निघतोय, अमुक तारखेला येतोय, या काळात आमच्याकडे कोणीही येणार नाही. शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. ते माहीत असलं की दारापुढे हत्यारांची पिशवी घेऊन उभा असलेला माणूस 'साहेबांनीच दुरुस्तीला बोलावलंय' म्हणाला, तरी शेजारी फसत नाही. गावचा फोन नंबर द्या, कारण आपल्या मोबाइलला तिथे रेंज असेलच असं नाही. ईदला, छठला किंवा नाताळात शेजारचं कुटुंब गावी जाईल तेव्हा त्यांच्या दारावर आपण लक्ष ठेवायचं, हा शब्दही द्या आणि पाळा.

सोसायटीत बंद राहणाऱ्या घरांची यादी सेक्रेटरीकडेच असावी. ती सूचनाफलकावर लावू नये आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरवू नये. सणाच्या दिवसांत वॉचमनने फाटकापाशी बसून न राहता रात्रीतून दोन-तीनदा प्रत्येक मजल्यावर चढून यावं आणि वहीत वेळ लिहावी. जिन्यातले गेलेले दिवे आधीच बदलून घ्या.

बाहेरगावी जाताना कळवून जा, असं आवाहन पोलीस सुट्ट्यांच्या दिवसांत करतात. पत्ता, तारखा आणि संपर्क लिहून एक अर्ज ठाण्यात द्या आणि रात्रगस्तीत आपली गल्ली घ्यावी अशी विनंती करा.

निघण्यापूर्वीच्या दिवसांत दारावर येणाऱ्यांबाबत सावध राहा. दागिने उजळून देतो किंवा कपाटाची किल्ली बनवून देतो म्हणून येणारे अनोळखी लोक घरात घेऊ नका. काहींचा डाव तिथल्या तिथे हातचलाखी करण्याचा असतो, काहींचा घर बघून ठेवण्याचा. दुपारी घरात एकट्या असणाऱ्या आजी-आजोबांना हे आवर्जून सांगा.

७. घर वापरातलं दिसू द्या

रोज दारापुढे रांगोळी असते आणि चार दिवस नसते. दुधाची पिशवी लटकलेली राहते. कडीत खोचलेली जाहिरातपत्रकं तशीच असतात. घर रिकामं आहे हे यावरून कळतं. दूध आणि पेपर बंद करा, पण कारण सांगू नका. 'पुढच्या आठवड्यात नको' एवढं पुरे. दारातली पत्रकं रोज उचलायला शेजाऱ्यांना सांगा. चपलांचे एक-दोन जुने जोड बाहेरच्या रॅकवर राहू द्या. पडदे नेहमी असतात तसेच ठेवा.

एकच बल्ब दिवसरात्र जळत ठेवला, तर भर दुपारी पेटलेला दिवा उलट चुगली करतो. टायमर लावून एका खोलीत संध्याकाळी सात ते साडेदहा आणि दुसऱ्या खोलीत त्यानंतर थोडा वेळ, असे दिवे लावा. त्यासाठी मेन स्विच चालू ठेवावा लागेल. बाकीची उपकरणं त्यांच्या प्लगपासून बंद करा.

कॅमेरा लावला असेल तर त्याचं चित्रण कुठे साठतं ते बघा. टीव्हीखालच्या कपाटात ठेवलेला डीव्हीआर चोर सोबत नेतात, मग पुरावाच जातो. चित्रण इंटरनेटवर साठेल अशी सोय करा किंवा डीव्हीआर नजरेआड, कुलपात ठेवा. कंपनीने दिलेला मूळ पासवर्ड बदला.

८. निघायच्या दिवशी

घरातल्या एकाने बंद करत जायचं आणि दुसऱ्याने मागून हात लावून बघत जायचं. क्रम असा ठेवा :

• गॅसचा रेग्युलेटर आणि पाण्याचा कॉक बंद करा.
• संडास-बाथरूमची झडप, मग स्वयंपाकघर, मग गॅलरी आणि शेवटी हॉल, अशा एकेक खोलीच्या खिडक्या लावा.
• टायमर चालू असल्याचं बघा. लँडलाइन असेल तर तिचा आवाज कमी करा, म्हणजे वाजत राहिलेली घंटा जिन्यात ऐकू जाणार नाही.
• किल्ली पूर्ण फिरवून लॅच लावा, मग सेफ्टी डोअर. दोन्ही दारं जोरात ओढून बघा.
• कुलपाचा एक फोटो काढा. वाटेत शंका आली तर तोच मन शांत करतो.
• जादा किल्ली कुंडीखाली, पायपुसण्याखाली किंवा मीटरच्या पेटीत ठेवू नका.

बॅगा उतरवताना रिक्षावाल्याला किंवा टॅक्सीवाल्याला किती दिवसांसाठी चाललो ते सांगू नका. कशेडी घाटातला फोटो आणि गणपतीच्या आरतीचा व्हिडिओ परतल्यावर टाका. घरातली मुलंही तेवढं पाळतील असं बघा.

९. परतल्यावर

दार उघडण्याआधी कुलूप आणि चौकट नीट बघा. नवे ओरखडे असतील, कुलूप तुटलेलं असेल किंवा दार आतून लावलेलं वाटलं, तर आत जाऊ नका. चोर आत असू शकतो. खाली या आणि ११२ वर फोन करा. सगळं ठीक असेल तर सणासाठी बाहेर काढलेले दागिने पुढच्या कामाच्या दिवशीच लॉकरमध्ये परत ठेवा.

१०. घर फुटलंच असेल तर

कशालाही हात लावू नका, आवराआवर करू नका. ठसेतज्ज्ञ आणि श्वानपथक येईपर्यंत उलटे पडलेले डबेसुद्धा तसेच राहू द्या. आपण गावीच असाल आणि शेजाऱ्याचा फोन आला, तर परतीचा प्रवास संपायची वाट बघायला नको. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असला तरी जवळच्या पोलीस ठाण्यात माहिती देता येते. ती ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते, ती मागून घ्या.

घर शेवटचं ठीक कधी दिसलं आणि फुटलेलं कधी आढळलं, या दोन्ही वेळा तक्रारीत लिहा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३१ मध्ये चोरीसाठी केलेल्या दिवसाच्या घरफोडीला १० वर्षांपर्यंत आणि रात्रीच्या घरफोडीला १४ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, त्यामुळे वेळेला महत्त्व आहे. वहीतली यादी, फोटो आणि एचयूआयडी क्रमांक तक्रारीला जोडा. नंतर आणखी काही गेल्याचं लक्षात आलं तर पुरवणी जबाब द्या. पंचनामा वाचूनच सही करा.

त्याच दिवशी एटीएम कार्डं आणि चेकबुक बंद करायला बँकेला कळवा, चोरीला गेलेला मोबाइल 'संचार साथी' पोर्टलवरून ब्लॉक करा, विमा कंपनीला लेखी कळवा आणि कुलपं बदला. चोर सापडला नाही तर पोलीस न्यायालयात 'ए समरी' अहवाल देतात, म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही. विम्याच्या दाव्याला तो लागतो. मुद्देमाल सापडला तर तो परत मिळवण्यासाठी न्यायालयात अर्ज करावा लागतो. तिथेही दागिना आपलाच असल्याचं वही आणि फोटोच दाखवतात.

गावचं घर बंद करताना

विसर्जन झालं की कोकणातली घरं पुन्हा बंद होतात, आणि ती काही दिवस नव्हे तर महिनोन्‌महिने तशीच राहतात. तिथे चोर सोन्यापेक्षा तांब्या-पितळेवर डोळा ठेवून येतो : हंडे, घंगाळ, समया, देवघरातल्या मूर्ती, विहिरीवरचा पंप. भांडी मोजून त्यांचे फोटो काढा, मूर्ती आणि समया भावकीतल्या राहत्या घरी ठेवा. पंप काढून कुलपात ठेवा. मागच्या दाराला आतून आडवा अडसर घाला आणि पुढच्या दाराने बाहेर पडा. कौलं काढून आत उतरता येतं, म्हणून माळ्याच्या फळ्या निसटत्या ठेवू नका. अंगण झाडायला आणि आठवड्यातून एकदा घराभोवती फेरी मारायला वाडीतल्याच कोणाला सांगा आणि त्याचा मोबदला वेळेवर द्या.

वेळ कमी असेल तर

आठवडाच हाताशी असेल तर चार कामं याच क्रमाने करा. ऐवज आणि रोकड बँकेत न्या, कोयंड्याला आरपार बोल्ट घाला, दागिन्यांचे फोटो काढून वहीत नोंदी करा आणि समोरच्या घरी जाऊन तारखा सांगा. पहिल्या कामाने चोराला मिळणारा माल कमी होतो, दुसऱ्याने त्याचा वेळ जातो, तिसऱ्याने गेलेली वस्तू परत मिळण्याची शक्यता वाढते आणि चौथ्याने त्याला एकांत मिळत नाही. यातलं एकही काम एका दिवसापेक्षा जास्त वेळ घेत नाही. बाकीची कामं दिवाळीच्या आत उरका, म्हणजे पुढच्या सुट्टीला घर तयार असेल.